गणिताच्या तासाला गोधडी

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा घटता पट, इमारतींची अवस्था आणि इंग्रजी माध्यमाकडे वळलेले पालक यांवर आपल्या पानावर अधूनमधून पत्रं येतात. मी ती आवर्जून वाचते, कारण त्यांतली शाळा माझीच असते. चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. तिसरी, चौथी आणि पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. या पत्रांमध्ये छपराचे पत्रे, कुंपण, संगणक, शौचालय सगळं येतं आणि यायलाच हवं. पण दार लावल्यावर वर्गात काय शिकवलं जातं, कसं शिकवलं जातं, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे. कला शनिवारच्या शेवटच्या तासापुरती ठेवू नका, ती गणित, भाषा आणि परिसर अभ्यासाच्या तासाला येऊ द्या, आणि ज्यांच्या हातात ती कला आहे त्या गावातल्या माणसांना मानधन देऊन वर्गात बोलवा, एवढं माझं म्हणणं आहे.

हे काही माझ्या मनचं नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ सालीच सांगितलं होतं की दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा आणि इतर विषयांशी तिचा सांधा जोडावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला-समावेशक अध्यापन हा शब्दशः मुद्दा आहे: कोणताही विषय शिकवताना चित्र, गाणं, नाट्य, हस्तकला यांचा आधार घ्यावा. प्रशिक्षणांत आम्हाला हे सगळं पीपीटीवर दाखवलं गेलं आहे. प्रश्न धोरणाचा नाहीच. धोरण आमच्या फाटकापर्यंत येतं तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, हा प्रश्न आहे.

सकाळी ग्रुपवर संदेश येतो. अमुक सप्ताहानिमित्त कलात्मक उपक्रम घ्यावा, फोटो दुपारी तीनपर्यंत लिंकवर भरावेत. मग मुलांना ओळीत बसवायचं, तयार चित्रात रंग भरायला द्यायचे, हातात कागद धरून फोटो काढायचा. पोरं हसतात, फोटो छान येतो, लिंक भरली जाते. त्या दिवशीचा अपूर्णांकांचा पाठ मात्र राहतो. यात शिक्षकांचा दोष आहे असं मला वाटत नाही, ज्याने संदेश पाठवला त्यालाही वरून विचारणा असते. पण या पद्धतीने कलेचं नाव खराब होतं. शिक्षकाला ती आणखी एक कामाची भर वाटते आणि पालकाला वेळ घालवणं वाटतं.

मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. पाठातून कला काढून घेतली तर पाठ तसाच उभा राहतो का? राहत असेल तर ती नुसती सजावट आहे. बेरजेच्या उदाहरणाभोवती फुलं काढली, पाढ्यांच्या तक्त्याला झालर लावली, याने गणिताला काही मिळत नाही आणि चित्रकलेलाही काही मिळत नाही. कला काढली की पाठच कोसळेल, असं जेव्हा होतं तेव्हा दोन्ही विषय एकत्र आले असं म्हणायचं. असा पाठ कसा असतो ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं हवेतलं वाटणार नाही.

आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या सासूबाई गोधड्या शिवतात. परिमितीचा घटक सुरू होता आणि मुलांच्या वह्यांत लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन हे सूत्र सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. ते कशाचं आहे हे मात्र बहुतेकांना सांगता येत नव्हतं. आजींना वर्गात यायची विनंती केली. त्या आधी तयारच होईनात. "मी काय शिकाडू यास्ले? मी ते शाळानी पायरी बी चढेल नई," असं त्यांचं म्हणणं. शेवटी अर्धी शिवलेली गोधडी घेऊन आल्या आणि फरशीवर अंथरली. वर जुन्या लुगड्यांचे, धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे. एका मुलाला त्यात काकाच्या शर्टाचा चौकोन सापडला आणि पाच मिनिटं वर्ग हातचा गेला. जाऊ दिला.

गोधडीचा धावदोरा बाहेरच्या काठापासून सुरू होतो. काठाने चारी बाजू फिरून आलं की थोडं आत सरकायचं, पुन्हा चारी बाजू, पुन्हा आत. दोन ओळींमधलं अंतर आजी बोटाने मोजतात. मुलांनी पट्टी लावली तर ते दीड सेंटिमीटर भरलं. गोधडी एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब आणि एकशे वीस रुंद होती. पहिला फेरा किती? सहाशे. दुसरा? आता आतल्या चौकोनाची लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन सेंटिमीटरने कमी झाली, म्हणून पाचशे अठ्ठ्याऐंशी. तिसरा पाचशे शहात्तर. चौथीतला एक मुलगा, जो एरवी गणिताच्या तासाला खिडकीकडे तोंड करून बसतो, तो एकदम म्हणाला, "मॅडम, दर फेराले बाराच कमी व्हस!" का बरं बाराच? मग सगळे गोधडीच्या कोपऱ्यांवर वाकले. प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही अंगांनी दीड दीड जातो, म्हणजे तीन. कोपरे चार. चार त्रिक बारा. हे मी सांगितलेलं नाही. कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनीच काढलं.

पुढचा प्रश्न पाचवीच्या मुलीचा होता: शेवटपर्यंत किती फेरे होतील? रुंदी एकशे वीस, दर फेऱ्याला तीन कमी, म्हणजे चाळीस. चाळिसावा फेरा एकशे बत्तीस सेंटिमीटरचा. मग सगळे फेरे मिळून किती? इथे जोड्या लावायची युक्ती मी दाखवली. पहिला आणि चाळिसावा मिळून सातशे बत्तीस, दुसरा आणि एकोणचाळिसावाही सातशे बत्तीस, अशा वीस जोड्या. चौदा हजार सहाशे चाळीस सेंटिमीटर, म्हणजे एकशे शेहेचाळीस मीटरच्या वर. मैदानावर दोरी घेऊन ते अंतर मोजलं तेव्हा मुलं थक्क झाली. इतकं लांब, एकेक टाका घालत, मांडी घालून बसलेली आजी शिवते. दोरा त्याहूनही जास्त लागतो, कारण तो कापडाच्या वरखाली जातो, हेही त्यांच्याच लक्षात आलं. मग एक वीत शिवण उसवून (आजींच्या परवानगीने) त्यातला दोरा मोजण्यात दुसरा तास गेला.

हे झालं गणित. पण आजींनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट शिकवली जी माझ्या पाठ नियोजनात नव्हती. मुलांनी कागदाचे तुकडे कापून आपापली गोधडी मांडायला घेतली तेव्हा त्या फिरून पाहत होत्या. गडद शेजारी गडद नको, म्हणाल्या. नजर अडते. एका कोपऱ्यात लाल ठेवला की समोरच्या कोपऱ्यात लाल हवाच, नाहीतर गोधडी एका अंगाला कलल्यासारखी वाटते. रंगांचा तोल म्हणजे काय हे मला डी.एड.ला असताना व्याख्या पाठ करून समजलं नव्हतं, ते त्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या एका मुलीने आईची जुनी कांचळी, म्हणजे बंजारा बायकांची चोळी, आणली. आरशांचं भरतकाम, मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू तंतोतंत. सममिती या घटकाला त्या कांचळीनंतर फळ्यावर फार काही काढावं लागलं नाही.

आता कोणी म्हणेल, गणित आणि कला यांची मोट बांधणं हे अलीकडचं फॅड आहे. खानदेशात बसून तरी असं म्हणता येत नाही. आमच्याच तालुक्यात पाटणादेवी आहे. सहली येतात, धबधबा बघतात, दर्शन घेतात आणि परत जातात. तिथला शिलालेख फार थोडे लोक थांबून पाहतात. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला. गणित आणि ज्योतिष शिकवणारी शाळाच ती. आणि ज्या ग्रंथांसाठी ती काढली ते कसे होते? १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली ती पद्यात. त्यात हंस आहेत, मोर आणि साप आहेत, वाऱ्याने कललेलं कमळ आहे आणि त्या कमळावरून तळ्याची खोली काढायची आहे. गणिताला काव्यापासून वेगळं काढायचं त्यांच्या मनातही आलं नसावं.

त्यातलं भुंग्यांचं गणित मी पाचवीला दरवर्षी घेते. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलाकडे, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांकडे, आणि एक भुंगा उरला तो दोन फुलांच्या वासात अडकून मधल्या मध्ये घिरट्या घालतो आहे. तर भुंगे किती? मुलांनाच भुंगे करायचं. खोलीच्या तीन कोपऱ्यांत तीन झाडं. आधी दहा मुलं घेऊन पाहिली, दहाचा तिसरा भाग करताना एक पोर अर्धवट राहिलं. बारा घेतली तर पाचवा भाग निघेना. मग पाचाने आणि तिनाने दोन्हींनी भाग जाईल अशी संख्या हवी हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि पंधरा मुलं उभी राहिली: तीन इकडे, पाच तिकडे, फरक दोन, त्याची तिप्पट सहा, आणि एक मधोमध गुणगुणत फिरतोय. तो मधला भुंगा व्हायला भांडणं होतात. छेद समान करणं हा पाठ त्यानंतर वहीत उतरवताना कोणाला तो परका वाटत नाही.

परिसर अभ्यासाचं एक उदाहरण थोडक्यात सांगते. चाळीसगावात राहून केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्यभर छायाचित्रणाची साधना केली. त्यांचं घर आणि संग्रह आजही तिथे जपलेला आहे. तो पाहून आल्यावर चपलांच्या खोक्याला सुईने भोक पाडून, समोर तेल लावलेला कागद चिकटवून आम्ही सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे पिनहोल कॅमेरा, केला. अंगणातला निंब कागदावर उलटा दिसला. मुलांनी तो उलटाच काढला, आणि तो उलटा का, हे सांगायला प्रकाशाच्या सरळ रेषा त्यांनी आपणहून चित्रात ओढल्या.

भाषेचा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात अवघड आहे. माझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत, गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी आहेत, भिल्ल वस्तीवरची आहेत. पुस्तकातली मराठी या सगळ्यांनाच थोडीफार नवी. त्यात दिवाळीनंतर तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. कागदोपत्री हंगामी वसतिगृहं, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमीपत्रं सगळं आहे, तरी काही मुलं आईबापांबरोबर जातातच आणि होळीच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा परततात, तोवर वाचन मागे पडलेलं असतं. अशीच एक तिसरीतली मुलगी परतली तेव्हा जोडाक्षर आलं की थांबायची आणि मग बोलायचीच नाही. पण होळीच्या लेंगी, म्हणजे बंजारा समाजातली होळीची गाणी, तिला पाठ होत्या, एक संपली की दुसरी. तिला म्हटलं, तू गा, मी लिहिते. फळ्यावर तिची लेंगी देवनागरीत लिहिली आणि तिला बोट ठेवून म्हणायला सांगितलं. पुढचा शब्द कोणता येणार हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती अक्षराला घाबरली नाही. तिचं बोट शब्दाबरोबर सरकू लागलं, आणि एका जागी ती मलाच म्हणाली की इथे तुम्ही चुकीचं लिहिलंय. माझी अक्षरं तपासणारी मुलगी वाचतेच आहे की! तिथून पुस्तकातल्या कवितेवर यायला वेळ लागला, पण वाट सापडली होती.

भाद्रपद-आश्विनात मुली गुलाबाईची गाणी म्हणतात, श्रावणात कानबाईची असतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची असतात. या गाण्यांत नात्यांची नावं आहेत, पिकं आहेत, नद्या आहेत, दागिने आहेत, सासर-माहेरचा भूगोल आहे. आमच्या मुलांनी आज्यांकडून ती उतरवून आणली आणि त्यांची हस्तलिखित वही केली. शुद्धलेखन, नामं, विशेषनामं, यमक, सगळा भाषेचा अभ्यास त्या वहीतून झाला. ज्या जिल्ह्यात बहिणाबाईंसारखी अक्षरओळख नसलेली बाई ओव्या रचत होती आणि मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या म्हणून महाराष्ट्राला मिळाल्या, त्या जिल्ह्यातल्या शाळेने आज्यांचं ऐकून घेणं हे शिक्षणाबाहेरचं काम कसं ठरेल?

पालकांबद्दल बोलायला हवं. एका वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "पोरगाले गोधड्या शिवाले धाडेल शे का शाळामा?" त्यांचा राग खोटा नव्हता. कापसाला भाव नाही, पोरगा शिकून काहीतरी होईल या आशेवर घर आहे. त्यांना पालक सभेला बोलावून वही दाखवली, चाळीस फेऱ्यांची. ते बराच वेळ पान बघत राहिले आणि ठिबकच्या नळ्या किती लागतील याचा हिशेब आपण असाच करतो म्हणाले. त्यांचं पूर्ण समाधान झालं असा माझा दावा नाही. धाकट्या मुलीला त्यांनी इंग्रजी शाळेतच घातलं. पण मोठ्याला आमच्याकडे ठेवलं, आणि लिंबाच्या बागेत रांगांचं गणित घालायला एकदा स्वतः मुलांना घेऊन गेले. पालकांना कला नको आहे असं मला वाटत नाही. त्यांना फसवणूक नको आहे. कलेच्या नावाखाली अभ्यास बुडतो आहे असं त्यांना दिसलं तर ते चिडणारच, आणि फोटोपुरत्या उपक्रमांत नेमकं तेच दिसतं.

"याने गुण वाढतात का?" हे मला आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सहकाऱ्यांनीही विचारलं आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात सरकारी शाळांवर याचा मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बेचाळीस शाळा, दहा हजारांवर विद्यार्थी. सोडत काढून निम्म्या शाळांना स्थानिक कलावंत आणि कलासंस्था जोडून दिल्या, बाकीच्या नेहमीप्रमाणे चालल्या. जिथे कलावंत आले तिथे शिस्तभंगाचे प्रकार कमी झाले, लेखनाच्या परीक्षेतले गुण वाढले आणि दुसऱ्याविषयीची कणव वाढली. गणिताच्या गुणांत मोठी उडी मारल्याचा दावा तो अभ्यास करत नाही, मीही करणार नाही. पण खिडकीकडे तोंड करून बसणारं पोर गोधडीवर वाकलं हे मी पाहिलं आहे, आणि गुणांची गोष्ट त्यानंतरची आहे. त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली बाब ही, की तिथे सगळा भार वर्गशिक्षकावर टाकला नव्हता. बाहेरून माणसं आणली होती.

इथे माझी एक भीती स्पष्ट लिहिते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयात कला आणावी असं म्हटलं की पुढचं वाक्य लगेच तयार होतं: मग वेगळा कलाशिक्षक कशाला? हे होता कामा नये. गाणं मला येतं, चित्र जेमतेम येतं, नाटक बसवता येत नाही. ज्याने पाच-सहा वर्षं रेषेचा, रंगाचा अभ्यास केला आहे त्याची जागा मी भरून काढू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेत कला, कार्यशिक्षण, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत अशी तरतूद आहे. आमच्यासारख्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट शंभरावर जाणार कधी? म्हणजे ज्या मुलांच्या घरी रंगपेटी येत नाही त्यांच्याच शाळेला कायद्याने कलाशिक्षक नाही. दुसरीकडे एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेली कितीतरी मुलं चाळीसगाव, धुळे, जळगावात फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसून वाढदिवसांचे बॅनर करत आहेत. माझा एक जुना विद्यार्थी त्यांत आहे. त्याचा हात इतका चांगला आहे की त्याला बघून वाईट वाटतं. अशा मुलांपैकी एकाला एका केंद्राच्या सगळ्या लहान शाळांमध्ये फिरता निदेशक म्हणून नेमलं, आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे आला, गणिताच्या आणि परिसर अभ्यासाच्या पाठाची आखणी आमच्याबरोबर बसून केली, तर फार खर्च येणार नाही. पट शाळेचा न मोजता केंद्राचा मोजा, इतकाच बदल मागते आहे.

हायस्कूलला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा आहेत, दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. ते असू द्यावं. पण त्याने गणिताच्या किंवा विज्ञानाच्या सरांच्या तासात काही बदलत नाही.

पैशांचं म्हणाल तर पुन्हा पाटणच्या शिलालेखाकडे जावं लागतं. त्यात शेवटी जुन्या मराठीत लिहिलं आहे की पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला दिला. आठशे वर्षांपूर्वी इथल्या बाजारपेठेने गणिताची शाळा चालवली. आज ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेच्या नावाने पैसे धरले जातात, ते बहुतेक रंगरंगोटीत, पेव्हर ब्लॉकमध्ये आणि प्रवेशद्वाराच्या कमानीत जातात. त्यातलाच लहानसा हिस्सा गोधडी शिवणाऱ्या आजींना, ढोल वाजवणाऱ्या काकांना, वहीगायन (खानदेशातलं लोकगायन) करणाऱ्या मंडळींना, कुंभाराला, सुताराला एका पाठाच्या मानधनापोटी देता यावा. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला की तो खर्च लेखापरीक्षणात ग्राह्य धरला जाईल, असं एक लेखी पत्र आम्हाला हवं आहे. आज मुख्याध्यापक नेमके तिथेच अडतात. आजींना मी साडीचोळी दिली ती माझ्या पगारातून दिली, त्याचं काही नाही. पण त्यांची रोजंदारी त्या दिवशी बुडाली होती, आणि शाळेच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "मार्गदर्शक" लिहून सही घ्यायला कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. त्यांना सही करता येत नाही, अंगठा दिला असता.

आणि एक मागणी आमच्या वरिष्ठांकडे आहे, ती पूर्ण आदराने करते. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास असा ठेवा की ज्यात कोणीतरी शिक्षक प्रत्यक्ष मुलांसमोर कला-समावेशक पाठ घेईल आणि बाकीचे तो बघतील, त्यावर बोलतील, चुका काढतील. त्या महिन्यात फोटोंची लिंक नको. आम्ही एकमेकांच्या वर्गात कधीच बसत नाही. शेजारच्या केंद्रात एक सर ढोलाच्या ठेक्यावर पाढे आणि विभाज्यता शिकवतात असं मी ऐकून आहे, पाहायला मिळालेलं नाही. ते माझ्या वर्गात आले आणि मी त्यांच्या वर्गात गेले, तर कोणत्याही पीपीटीपेक्षा दोघांनाही जास्त मिळेल.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत, अगदी अक्कलकुवा-धडगावपासून मुक्ताईनगरपर्यंत आहेत. माझी त्यांना विनंती आहे की आपल्या गावात कोण गोधडी शिवतं, कोण पावरी हे आदिवासी सुषिरवाद्य वाजवतं, कोणाला कानबाईची गाणी येतात, कोण टोपल्या विणतं, त्यांची नावं आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सांगावीत आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावीत. समितीत पालक सदस्य बहुसंख्य असतात, तसा कायदाच आहे, त्यामुळे हे कोणाच्या परवानगीवाचून अडत नाही. आमच्या समितीच्या बैठकीत हा विषय पुढच्या महिन्यात घेतला आहे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव